पणजोबांच्या कोल्ट पिस्तुलाचे आधीचे मालक कसे शोधावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही तासगाव तालुक्यातले. घरात एक जुनं कोल्ट पिस्तूल आहे, त्याचा परवाना आजोबांच्या नावावर होता. ते गेल्यावर बाबांनी पिस्तूल रीतसर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं आणि वारस म्हणून आपल्या नावाने परवान्याचा अर्ज दिला. ते काम चालू आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. माझा प्रश्न या पिस्तुलाच्या आधीच्या आयुष्याबद्दल आहे.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती हकिकत अशी. पणजोबा एका दक्षिणी संस्थानात खाजगीकडे, म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाच्या खात्यात, कारकून होते. (संस्थानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांचे वंशज आहेत.) राजेसाहेब १९११ च्या दिल्ली दरबाराला गेले होते. परतताना त्यांनी मुंबईत हे पिस्तूल घेतलं आणि पुढे पणजोबांच्या चोख हिशेबावर खूश होऊन ते त्यांना बक्षीस दिलं. माझी आत्या तर राजेसाहेबांनी ते कमरेचं काढून हातात दिलं, इथपर्यंत सांगते.

आता आमच्या कुळाचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं चाललं आहे आणि पणजोबांवरचं टिपण माझ्याकडे आलं आहे. छापलेलं पुढच्या शंभर वर्षांत कुणी तपासत नाही, तेच खरं धरून चालतात. म्हणून ही हकिकत कागदाने सिद्ध होते का, हे मला बघायचं आहे.

बाबांबरोबर दुकानात गेले तेव्हा विक्रेत्याने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून आम्हाला दाखवलं. मी उतरवून घेतलेलं देते. डाव्या बाजूला कोल्ट कंपनीचं नाव, हार्टफर्ड, आणि दोन पेटंटच्या तारखा: २० एप्रिल १८९७ आणि २२ डिसेंबर १९०३. उजव्या बाजूला कॅलिबर ३२. सांगाड्यावर सहा आकडी नंबर, २३७ ने सुरू होणारा. नळीच्या तोंडाशी वेगळी कडी दिसत नाही. मुठीवर काळ्या कडक रबराच्या पट्ट्या आणि त्यावर उधळलेला घोडा. शिवाय एक बारीक शिक्का आहे: मुकुट, त्याखाली इंग्रजीत एनपी, आणि जवळच ‘नॉट इंग्लिश मेक’ असे शब्द.

संस्थानाचा शिक्का किंवा कुणाचं नाव कोरलेलं कुठेही नाही. सुरुवात कुठून करू?

हार्टफर्डकर

ताई, मी कनेक्टिकटमध्ये राहतो. कोल्टच्या जुन्या कारखान्याचा तो निळा, सोनेरी चांदण्यांचा घुमट कामावर जाता-येता रोज दिसतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुमचं पिस्तूल कोल्टचं १९०३ चं ‘पॉकेट हॅमरलेस’ मॉडेल आहे, जॉन ब्राउनिंगच्या रचनेचं. संग्राहक याचे प्रकार पाडतात. पहिल्याची नळी चार इंची. दुसऱ्याची पावणेचार इंची, पण तोंडाशी वेगळी कडी. तिसऱ्यात ती कडी गेली. हा तिसरा प्रकार १९१० ते १९२६ या काळातला, आणि त्याचे नंबर साधारण १,०५,००० पासून ४,६८,००० पर्यंत जातात. तुमचा २३७ हजारांचा नंबर आणि कडी नसणं एकमेकांशी जुळतं. म्हणजे सांगाडा आणि नळी मुळातल्याच असाव्यात.

पण १९११ मला पटत नाही. १९१० मध्ये एक लाख पाच हजारांवर असलेली मालिका १९११ च्या डिसेंबरपर्यंत दोन लाख सदतीस हजारांवर जाणं, एकूण उत्पादनाचा वेग पाहता, फार अवघड आहे.

नक्की तारीख हवी असेल तर कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग शुल्क घेऊन नंबरावरून पत्र देतो. संग्राहक त्याला फॅक्टरी लेटर म्हणतात. पिस्तूल कारखान्यातून कधी निघालं, कुणाकडे पाठवलं, त्यावर कोणतं पॉलिश होतं, मुठीला काय होतं आणि त्याच मालात तशी आणखी किती नग होती, एवढं त्यात येतं. शुल्क मॉडेलप्रमाणे बदलतं. मात्र एक लक्षात ठेवा, बहुतेक वेळा तिथे एखाद्या माणसाचं नाव नसतं, घाऊक विक्रेत्याचं असतं. राजेसाहेबांचं नाव मिळेल या आशेने पैसे भरू नका. पहिला मुक्काम कोणता, हे कळावं म्हणून भरा.

कंपनीचे जुने कागद हार्टफर्डच्या स्टेट लायब्ररीतही आहेत. तिथे शनिवारी जाऊन काही बघायचं असेल तर मला सांगा. पूर्ण नंबर मात्र इथे उघड लिहू नका. खरा नंबर चुकीच्या हाती पडला की तो दुसऱ्या हत्यारावर ठोकता येतो.

अभिलेख कक्ष

कृष्णाकाठ ताई, मी जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं शस्त्र परवान्यांच्या टेबलावर आणि पुढे अभिलेख कक्षात गेली. तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला. हकिकत छापण्याआधी कागद बघावा असं वाटणारी माणसं थोडी आहेत.

आधी त्या शिक्क्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर फिरतं. मुकुटाखाली एनपी हा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का, नळी दाबाला तपासून पास झाल्याचा. बाहेरच्या देशातलं हत्यार इंग्लंडात विकायचं तर तिथे ते तपासून घ्यावं लागे. आणि ‘नॉट इंग्लिश मेक’ हे शब्द १९२५ च्या नियमांनी आले. त्याआधीच्या हत्यारावर ते सापडत नाहीत. म्हणजे हे पिस्तूल अमेरिकेत तयार झालं, पण १९२५ नंतर केव्हातरी ते इंग्लंडात होतं आणि तिथल्या तपासणीतून गेलं. १९११ साली मुंबईत विकत घेतलेल्या पिस्तुलावर हा शिक्का यायचा, तर ते मधल्या काळात विलायतेला जाऊन परत यायला हवं. अशक्य नाही. राजेसाहेब विलायतेला गेले असतील, नेलं असेल. पण तसं म्हणायला कागद लागेल.

आता इथल्या बाजूने या. कारखान्याकडून खाली येण्यापेक्षा शेवटच्या परवान्याकडून वर चढत जाणं आपल्याकडे जास्त फळतं. आजोबांचं जुनं परवाना पुस्तक शोधा. नवं छापील कार्ड किंवा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) मिळालेली प्रत नको. जुनं, कापडी बांधणीचं, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेलं असेल ते. विक्रेता हत्यार विकताना गिऱ्हाइकाच्या परवान्यावर नोंद करून सही करतो: काय विकलं, कोणता नंबर, कोणत्या तारखेला. खाजगी व्यवहार असेल, म्हणजे एका परवानाधारकाने दुसऱ्याला दिलं असेल, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला कळवावं लागतं आणि त्याची आवक नोंद पडते. कुठल्याही मार्गाने आलं तरी एक ओळ कुठेतरी उमटलेली असतेच.

परवान्यावर कुठल्या जिल्ह्याचा शिक्का आहे, तेही बघा. १९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि त्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. तुमचा तासगाव तालुका आधीपासूनच इंग्रजी हद्दीत, सातारा जिल्ह्यात. त्यामुळे १९४९ च्या आधीची परवाना नोंद असेल तर ती साताऱ्याच्या दप्तरात, नंतरची सांगलीच्या. लोक सांगलीला अर्ज करतात, ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर मिळालं की नाद सोडतात. कागद साताऱ्याला पडलेला असतो.

आणि राजेसाहेबांच्या बाजूला परवाना शोधू नका. १८७८ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत संस्थानिकांना परवान्यातून सूट होती, आणि त्यांच्या स्वतःच्या हद्दीत त्यांचा स्वतःचा कारभार. त्यांच्या हत्यारांची नोंद असेल ती शिलेखान्याच्या (शस्त्रागाराच्या) वहीत, नाहीतर खाजगीच्या जमाखर्चात. हे दप्तर मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी. परदेशातून हत्यार मागवलं असेल तर त्याचा पत्रव्यवहार रेसिडेंटमार्फत (संस्थानांवर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत) झाला असेल. तो मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, पोलिटिकल डिपार्टमेंटच्या बाडांमध्ये बघता येतो. १९३० च्या दशकात या संस्थानांचा संबंध मुंबई सरकारकडून थेट दिल्लीकडे गेला, म्हणून त्यापुढचं राष्ट्रीय अभिलेखागारात. त्याच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते, तिथून सुरुवात करा.

आधी परवाना पुस्तक. ते मिळाल्याशिवाय बाकीची धावपळ करू नका.

खेडचा

अभिलेख कक्ष काकांनी लिहिलंच आहे, मी फक्त नंबराचं महत्त्व सांगायला आलो. मी राजगुरुनगरचा, इतिहासाचा विद्यार्थी.

१७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. पहिली आमच्या हुतात्मा राजगुरूंची, मग भगतसिंगांच्या. भगतसिंगांचं पिस्तूलही कोल्टचंच, ३२ बोअरचं ऑटोमॅटिक. पुढे कित्येक दशकं ते कुठे आहे, याचा सर्वसामान्यांना पत्ता नव्हता. खटल्याच्या कागदांत मात्र नंबर होता: १६८८९६. या नंबराच्या आधारे शोध घेतला तेव्हा ते इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रास्त्र प्रशिक्षण केंद्राच्या संग्रहालयात निघालं. पंजाबमधल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून ते तिथे गेलं होतं आणि इतर हत्यारांसारखा त्याला काळा रंग दिलेला होता. रंग काढल्यावर नंबर दिसला आणि ओळख पटली. २०१७ मध्ये ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात हलवलं.

हार्टफर्डकर यांनी दिलेल्या मर्यादेत तो नंबरही तिसऱ्या प्रकारातच बसतो, तुमच्या पिस्तुलाच्या थोडा आधीचा.

दुसरं उदाहरण कलकत्त्याच्या रोडा कंपनीचं. २६ ऑगस्ट १९१४ ला कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र कस्टममधून माल सोडवायला गेला. २०२ पेट्यांपैकी १९२ त्याने गोदामात पोचवल्या, उरलेल्या दहा आणतो म्हणून गेला तो परतलाच नाही. त्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. पण कंपनीने प्रत्येक पिस्तुलाचा नंबर वहीत टिपलेला होता. त्यामुळे पुढची काही वर्षं बंगालमध्ये कुठेही माउझर सापडलं की ते रोडाचं का, हे सांगता येई. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात ५० पैकी ३१ परत मिळाल्याची नोंद आहे. ४४ पिस्तुलं नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेल्याचंही त्यात लिहिलं आहे. एका दुकानदाराच्या वहीवरून सरकारने एवढा माग काढला. तुमच्या पिस्तुलाची अशी एक वही कुठेतरी असणारच.

फक्त दुकानदाराला सांगून ठेवा की नंबरावर पॉलिश पेपर, ब्रासो काही लावू नये. गंज असला तरी तसाच राहू दे. आकडा झिजला की शोधच संपतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे परवाना पुस्तक शोधलं. आजोबांच्या लोखंडी पेटीत, सातबाराच्या उताऱ्यांखाली सापडलं. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत पण आतली पानं शाबूत आहेत.

शिक्का दक्षिण सातारचाच आहे! परवाना १९५१ सालचा. आणि पुढच्या पानावर १९५२ ची नोंद: ३२ बोअर कोल्ट ऑटोमॅटिक पिस्तूल, नंबर तोच, ‘सेकंड हँड’, खाली पुण्यातल्या एका शस्त्रविक्रेत्याचा रबरी शिक्का आणि सही. ते दुकान आता नाही.

म्हणजे पिस्तूल पणजोबांकडून आजोबांकडे आलंच नाही. आजोबांनी ते विकत घेतलं. आत्याला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘पण दादांकडे हत्यार होतं गं, मी लहानपणी खुंटीला पट्टा बघितलाय.’ दादा म्हणजे पणजोबा. ती खोटं बोलणारी नाही, आणि तिची स्मरणशक्ती अजून चांगली आहे. आता हे दोन्ही कसं जुळवू?

अभिलेख कक्ष

ताई, फार मोलाचा कागद हाती लागला. पहिलं काम, त्या पानांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट होतं. सुती कापडात गुंडाळा.

आत्याबाईंचं म्हणणं टाकून देऊ नका. माझ्या अनुभवात अशा घरगुती हकिकतींत बऱ्याचदा दोन हत्यारं एक झालेली असतात. पणजोबांना संस्थानातून काही मिळालं असेल. १९४८ ला विलीनीकरण झालं आणि संस्थानी हद्दीतल्या हत्यारांना भारत सरकारचा कायदा लागू झाला. ज्यांनी नवा परवाना काढला नाही त्यांनी हत्यार जमा केलं. तुमच्या घरी खुंटीवर पट्टा राहिला, हत्यार गेलं, आणि चार वर्षांनी आजोबांनी दुसरं आणलं असेल. मुलांच्या डोळ्यांत दोन्ही मिसळलं असेल. हा माझा तर्क आहे, कुलवृत्तांतात घालू नका. पण तपासता येण्याजोगा तर्क आहे: विलीनीकरणाच्या सुमारास जमा झालेल्या हत्यारांच्या याद्यांत पणजोबांचं नाव आहे का, ते बघा. आणि खाजगीच्या दप्तरात बक्षिसाची नोंद. संस्थानी कारभारात पागोटं दिलं तरी खर्ची पडत असे, हत्यार बिनानोंदीचं जाणार नाही.

पिस्तुलाच्या बाजूने आता एकच दुवा हवा, १९५२ च्या आधीचा विकणारा. विक्रेत्याला खरेदीचीही नोंदवही ठेवावी लागते. दुकान बंद झालं असलं तरी त्या वहीचं काय झालं, हे पुण्याच्या परवाना शाखेलाच विचारावं लागेल. १९५२ म्हणजे साहेब लोक मायदेशी परतून पाचच वर्षं झाली होती, जाताना कित्येकांनी आपली हत्यारं पुणे-मुंबईच्या दुकानांत विकली. बर्मिंगहॅमचा शिक्का, १९२५ नंतरचा काळ आणि पुण्याची छावणी, हे तिन्ही एकत्र ठेवलं तर आधीचा मालक एखादा इंग्रज अधिकारी असण्याचा संभव मला जास्त वाटतो. पण विलीनीकरणानंतर संस्थानिकांचीही हत्यारं बाजारात आली. म्हणून वही बघेपर्यंत कुठलंच नाव धरू नका.

अभिलेखांचं वर्गीकरणही बघून ठेवा. ‘अ’ वर्गातले कागद कायम ठेवतात, ‘ब’ चे तीस वर्षांनी नष्ट करता येतात. परवान्यांच्या मूळ नोंदवह्या आणि एकेका परवान्याची नस्ती (फाईल) यांची वासलात वेगवेगळी लागलेली असू शकते. नस्ती गेली म्हणून वही गेली असं होत नाही. कक्षातल्या माणसाला नेमकं ‘नोंदवही’ म्हणून विचारा.

हार्टफर्डकर

काकांचं वाचून आणखी एक सुचलं. फॅक्टरी लेटरमध्ये माल लंडनला गेल्याचं निघालं तर बर्मिंगहॅमच्या शिक्क्याशी ते जुळेल. अमेरिकेतल्याच विक्रेत्याकडे गेल्याचं निघालं तर मग १९२५ नंतर कुणीतरी वापरलेलं पिस्तूल इंग्लंडात नेलं, असं म्हणावं लागेल. दोन्हीकडून काहीतरी हाती लागतं, म्हणून आता पत्र मागवावं असं मला वाटतं. अर्जाचं मी बघतो, नंबर मला खाजगी संदेशात पाठवा.

कृष्णाकाठ

पाठवते. कुलवृत्तांताच्या मंडळींना आजच कळवलं की पणजोबांच्या टिपणातून पिस्तूल वगळावं. आजोबांच्या टिपणात ‘१९५२ साली पुण्यातून घेतलेलं कोल्ट पिस्तूल’ एवढंच येईल. बक्षिसाचं आत्याच्या नावाने, तिच्या शब्दांत, आठवण म्हणून वेगळं छापू. तिला हे सांगितल्यावर बरं वाटलं.

काका, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहू? तिऱ्हाइताची माहिती म्हणून नाकारतील का?

अभिलेख कक्ष

प्रयत्न करतील. त्यासाठी कलम ८(३) आधीच लिहून टाका. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती, तीन अपवाद सोडले तर, द्यावी लागते, आणि तुमची बाब सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. अर्ज तीन वेगळे करा: सांगली, सातारा आणि पुणे. एकाच अर्जात तीन जिल्हे घातले की तो टेबलाटेबलांवर फिरत राहतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. बाबांच्या नावाने करा, ते वारस आहेत.

पुण्याच्या अर्जात मजकूर असा ठेवा: ‘माझे दिवंगत वडील यांनी सन १९५२ मध्ये पुणे येथील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून खरेदी केलेल्या ३२ बोअर कोल्ट पिस्तुलाबाबत, सदर विक्रेत्याच्या सन १९४५ ते १९५२ या कालावधीतील खरेदी-विक्री नोंदवह्या आपल्या कार्यालयात जमा असल्यास त्यांचे अवलोकन करू द्यावे व संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. सदर माहिती वीस वर्षांपूर्वीची असल्याने कलम ८(३) लागू होते.’ सोबत परवान्याच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. ‘अवलोकन’ हा शब्द गाळू नका. प्रती मागितल्या की शोधण्याचं काम त्यांच्यावर पडतं आणि ‘आढळून येत नाही’ हे उत्तर सोपं होतं. अवलोकन मागितलं की वही तुमच्यासमोर ठेवावी लागते, आणि पानं तुम्ही स्वतः उलटता.